अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास वाचायला घेताय? मग १७७६ पासून सुरू करू नका

अमेरिकेचा इतिहास वाचायचा म्हटलं की बहुतेकजण ४ जुलै १७७६ पासून सुरुवात करतात. जाहीरनामा, वॉशिंग्टन, राज्यघटना आणि तिथून थेट लिंकन. गोष्ट सुटसुटीत होते खरी, पण मनात येणारे साधे प्रश्न तसेच राहतात. स्वातंत्र्यावर इतकं सुंदर लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम कसे होते? चहावरच्या किरकोळ करापायी लोक साम्राज्याशी लढायला का उठले? राष्ट्राध्यक्षाची निवडणूक इतकी आडवळणाची का?

या प्रश्नांची मुळं १७७६ च्या मागे आहेत. अमेरिकेत टिकलेली पहिली इंग्रज वसाहत, जेम्सटाउन, १६०७ ची. तिथून जाहीरनाम्यापर्यंत १६९ वर्षं जातात. आपल्याकडे १८५७ च्या उठावापासून आजपर्यंत साधारण तेवढाच काळ लोटला आहे. एवढा मोठा काळ चार पानांच्या प्रस्तावनेत उरकणं बरोबर नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवा: जमीन कोणाची होती, तिच्यावर राबत कोण होतं आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर होतं. नावं आणि लढाया या तीन प्रश्नांभोवती आपोआप जागेवर बसतात.

पहिली पायरी: आधी नकाशा, मग पुस्तक

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा कोरा नकाशा छापून घ्या. त्यावर आधी अ‍ॅपालाचियन डोंगररांग काढा, कारण पुढचं बरंचसं भांडण या रांगेपलीकडच्या जमिनीवरून झालं. मग चेसापीक उपसागर, हडसन नदी आणि बॉस्टनचं बंदर.

वसाहतींची नावं लिहिण्याआधी तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांची नावं लिहा. व्हर्जिनियात पावहाटन, मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेला वाम्पानोआग, आजच्या न्यूयॉर्क राज्यात इरोक्वॉय संघ, दक्षिणेच्या डोंगरांत चेरोकी. हे केलं नाही तर पुढे प्रत्येक पुस्तकात इंग्रज रिकाम्या जंगलात उतरल्यासारखे वाटतात. रिकामं तिथे काहीच नव्हतं.

तेरा वसाहती पाठ करत बसू नका. तीन गट पुरेत: दक्षिणेच्या तंबाखू आणि तांदळाच्या वसाहती, मधल्या धान्याच्या आणि व्यापाराच्या, उत्तरेच्या गावठाणांच्या आणि जहाजांच्या. न्यूयॉर्क आधी डचांचं होतं आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलं, पेनसिल्व्हेनियाची सनद विल्यम पेनला १६८१ मध्ये मिळाली, शेवटची वसाहत जॉर्जिया १७३२ च्या सनदेची. पहिल्या फेरीत एवढं पुरतं.

दुसरी पायरी: तारखांचा घोळ आधीच मिटवा

इंग्रजी साम्राज्यात १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका चालत होती आणि कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जुन्या कागदात फेब्रुवारी १६९१ लिहिलेलं असेल तर आजच्या हिशेबाने ते १६९२ असतं. वॉशिंग्टनची जन्मतारीख जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की गोंधळू नका, दोन्ही बरोबर असू शकतात.

दुसरी सवय म्हणजे बातमी पोचायला किती वेळ लागला हे बघणं. लंडनहून बॉस्टनला पत्र जायला आठवडे लागायचे. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं १८१२ चं युद्ध संपवणारा तह २४ डिसेंबर १८१४ ला बेल्जियममधल्या गेंटमध्ये झाला आणि न्यू ऑर्लिन्सची मोठी लढाई ८ जानेवारी १८१५ ला लढली गेली, कारण तहाची बातमी समुद्रातच होती.

तिसरी पायरी: व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स वेगवेगळे वाचा

इथे मात्र घाई करू नका.

जेम्सटाउन वसवलं व्हर्जिनिया कंपनीने. ही भागधारकांची कंपनी होती आणि तिला नफा हवा होता. सुरुवातीला साधारण शंभर पुरुष आणि मुलगे आले. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमार इतकी झाली की तटबंदीत अडकलेल्या शेकडो माणसांपैकी साठेकजण उरले. वसाहत तगली ती तंबाखूमुळे. जॉन रॉल्फने लावलेला तंबाखू लंडनमध्ये विकला जाऊ लागला आणि सगळं चित्र पालटलं.

तंबाखूचं पीक काही वर्षांत जमिनीचा कस संपवतं. म्हणजे सतत नवी जमीन हवी, ती पावहाटन लोकांची, त्यामुळे युद्ध. तंबाखूला हातही भरपूर लागतात, म्हणजे मजूर हवेत. कंपनीने नियम केला: स्वतःच्या खर्चाने माणूस आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन. असे आलेले गरीब इंग्रज साधारण चार ते सात वर्षांच्या करारावर राबत. आपल्याकडच्या गिरमिटियांची गोष्ट माहीत असेल तर ही पद्धत लगेच कळेल.

१६१९ हे वर्ष वहीत मोठ्या अक्षरात लिहा. जुलैच्या शेवटी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली निवडून आलेली सभा भरली. ऑगस्टच्या शेवटी पॉइंट कम्फर्टला एका जहाजाने वीसेक आफ्रिकी माणसं आणली आणि ती अन्नधान्याच्या बदल्यात विकली गेली. लोकसभा आणि गुलामी एकाच वसाहतीत, एकाच उन्हाळ्यात.

गुलामगिरी मात्र एका दिवसात उभी राहिली नाही. ती कायद्याने, एकेक कलम करत बांधली गेली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूलही त्यामुळे गुलामच. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनच्या बंडात गरीब गोरे आणि काळे बरोबरीने लढले आणि त्यांनी जेम्सटाउन जाळलं. नंतरच्या दशकांत करारावरच्या गोऱ्या मजुरांऐवजी गुलामांवरच भर वाढत गेला आणि १७०५ मध्ये सगळे नियम एका संहितेत बांधले गेले. हे कायदे लहान आहेत आणि मुळातून वाचता येतात. ते वाचल्यावर ‘त्या काळी असंच होतं’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही, कारण ते कोणी, केव्हा आणि कशासाठी केलं हे समोर दिसतं.

मॅसॅच्युसेट्सचं रूप वेगळं. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले आणि पहिल्याच हिवाळ्यात निम्मे दगावले. १६३० पासून प्युरिटन (इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध व्हावं म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाची) कुटुंबं मोठ्या संख्येने आली: बायकामुलांसह, गावं वसवायला. गावसभा, चर्च, शाळा, १६३६ चं हार्वर्ड. पण इथेही जमिनीचा प्रश्न सुटला नव्हता. १६७५-७६ मध्ये वाम्पानोआग नेता मेटाकॉमच्या लोकांशी झालेलं युद्ध फार रक्तरंजित होतं आणि पकडलेल्या अनेक मूलनिवासींना कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून विकण्यात आलं. उत्तर स्वच्छ आणि दक्षिण पापी अशी सोपी विभागणी कोणी सांगत असेल तर एवढं लक्षात ठेवा: गुलामगिरीला कायद्यात जागा देणारी पहिली इंग्रज वसाहत मॅसॅच्युसेट्स होती, १६४१ मध्ये.

सेलमचे चेटकिणींचे खटले (१६९२, १९ जणांना फाशी) सगळ्यांना आधी वाचायचे असतात. जरूर वाचा, पण मेटाकॉमच्या युद्धानंतर. त्या गावांतली भीती तेव्हाच कळते.

चौथी पायरी: १७६३ ते १७७६ हा काळ हिशेबाच्या वहीसारखा वाचा

सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा घेतला. १७६३ मध्ये तह झाला तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालेलं होतं. त्याच वर्षी राजाने हुकूम काढला: अ‍ॅपालाचियन रांगेपलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करायची नाही. म्हणजे युद्ध जिंकलं, पण जमीन मिळाली नाही, वर कराचा तगादा. १७६५ मध्ये स्टॅम्प कायदा आला: कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकाशिवाय चालेनात. वकील, छापखानेवाले आणि व्यापारी, म्हणजे गावात ज्यांचा आवाज मोठा, नेमके तेच दुखावले. पुढच्या वर्षी कायदा मागे घेतला गेला, पण कर लावायचा हक्क आमचाच, असं पार्लमेंटने त्याच वेळी लिहून ठेवलं.

चहाचं प्रकरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल, कारण त्याचा एक धागा बंगालात आहे. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर आणि लंडनच्या आर्थिक घसरणीनंतर ईस्ट इंडिया कंपनी बुडायच्या बेतात आली. तिने सरकारकडे कर्ज मागितलं. १७७३ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने कंपनीच्या भारतातल्या कारभारावर देखरेख आणली, हा आपण शाळेत शिकलेला रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट. दुसऱ्याने कंपनीला गोदामात पडून असलेला चिनी चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली.

त्या कायद्याने चहा स्वस्त झाला. नवख्या वाचकाच्या नजरेतून हेच निसटतं. मग राग कशाचा? स्वस्त चहा घेतला की त्यावरचा जुना कर मान्य केल्यासारखं होणार होतं. शिवाय विक्री कंपनीच्या निवडक आडत्यांकडे गेल्याने बॉस्टनचे इतर व्यापारी बाजूला पडणार होते, आणि त्यातले बरेच जण डच चहाच्या चोरट्या व्यापारावर मोठे झाले होते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या झाल्या. तत्त्व आणि धंदा दोन्ही त्यात होते. एकच बाजू सांगणारं पुस्तक अपुरं समजा.

पाचवी पायरी: जाहीरनामा शेवटाकडून वाचा

‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वाचनात ते बाजूला ठेवा आणि मधली तक्रारींची यादी उघडा. राजाविरुद्ध २७ तक्रारी आहेत. प्रत्येकीसमोर पेन्सिलने घटना लिहा: संमतीशिवाय कर म्हणजे स्टॅम्प कायदा आणि त्यानंतरचे, नव्या जमिनी मिळवण्यावरची बंधनं म्हणजे १७६३ च्या हुकमाचा काळ. शेवटची तक्रार नीट वाचा. राजाने आमच्यात अंतर्गत बंडाळी माजवली आणि ‘निर्दय’ इंडियनांना (म्हणजे मूलनिवासींना) आमच्यावर सोडलं, असं ती म्हणते. ही बंडाळी कोणती? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं होतं की बंडखोर मालकांकडून पळून येऊन जो राजासाठी लढेल त्या गुलामाला स्वातंत्र्य मिळेल. मग वर जाऊन समानतेचं वाक्य पुन्हा वाचा. त्याचं मोठेपण कमी होत नाही, पण त्यात त्या दिवशी कोण धरलं नव्हतं ते कळतं.

तारखेचं म्हणाल तर स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला झाला, मजकूर ४ जुलैला मंजूर झाला आणि बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टच्या आहेत.

युद्धावर जास्त दिवस घालवू नका

पाच टप्पे पुरतात: लेक्झिंग्टन (एप्रिल १७७५), साराटोगा (ऑक्टोबर १७७७), फ्रान्सशी करार (फेब्रुवारी १७७८), यॉर्कटाउन (ऑक्टोबर १७८१), पॅरिसचा तह (सप्टेंबर १७८३). साराटोगाला ब्रिटिश फौज हरली, त्यामुळे फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने आला आणि ब्रिटनचं युद्ध जगभर पसरलं. याच वर्षांत इंग्रज इकडे मराठ्यांशीही लढत होते: वडगावची नामुष्की जानेवारी १७७९ ची, सालबाईचा तह १७८२ चा. यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात आला आणि १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांबरोबर टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला उभा होता. माणूस हरला तरी साम्राज्य त्याला कामाला लावत होतं.

सहावी पायरी: राज्यघटना कोणत्या भीतीतून आली ते बघा

युद्धानंतरच्या पहिल्या व्यवस्थेत मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यं पैसे देतील तेवढेच. राज्यांवर युद्धाचं कर्ज, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांवर जड कर बसवले, तेही रोख नाण्यात. पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये जप्त्या सुरू झाल्या. १७८६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कप्तान होता. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर गोळीबार झाला. मे महिन्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला लोक जमले. ५५ प्रतिनिधी आले, शेवटी ३९ जणांनी सही केली, ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही.

मूळ घटना छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते. आपल्या संविधानाची सवय असलेल्याला धक्काच बसतो. वाचताना तीन कलमांवर खूण करा: गुलामांची संख्या तीनपंचमांश धरून राज्याला मिळणाऱ्या जागा, १८०८ पर्यंत गुलामांची आयात रोखण्यास मनाई, आणि पळालेल्याला परत देण्याची सक्ती. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधी-मतदारांची (इलेक्टरांची) संख्या काँग्रेसमधल्या जागांवर ठरते. म्हणजे ज्यांना मतच नव्हतं अशा गुलामांच्या मोजणीने दक्षिणेचं वजन वाढलं. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे आहेत.

यानंतर घटनेच्या बाजूचे आणि विरोधाचे लेख जोडीने वाचा: मॅडिसनचा ‘फेडरलिस्ट’ मालिकेतला दहावा निबंध आणि ‘ब्रूटस’ या टोपणनावाने छापलेला पहिला लेख. विरोधकांच्या दबावामुळेच १७९१ मध्ये हक्कांच्या दहा दुरुस्त्या आल्या. त्यानंतर डॉ. आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं भाषण काढा. मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन अध्यक्षीय पद्धत आणि दुहेरी नागरिकत्व यांची आपल्या रचनेशी थेट तुलना केली आहे. अमेरिकन घटना समजून घ्यायला यापेक्षा चांगला शिक्षक मराठी वाचकाला मिळणं अवघड.

सातवी पायरी: एक कागद हातात धरा

पुस्तकं कितीही वाचली तरी एखादा मूळ कागद ओळ न ओळ वाचल्याशिवाय हा विषय अंगात मुरत नाही. माझी निवड सांगतो: मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात आलेली एक छोटी जाहिरात.

राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरातून ओना जज नावाची मुलगी पळाली आहे, असं तीत म्हटलंय. रंग उजळ, चेहऱ्यावर बरेच ठिपके, डोळे अगदी काळे, केस दाट आणि काळे, वय वीसच्या आसपास. चांगल्या कपड्यांचे बरेच जोड तिच्याजवळ आहेत. ती जहाजाने जायचा प्रयत्न करील, तेव्हा जहाजवाल्यांनी सावध राहावं. शहरात किंवा बंदरात सापडली तर आणून देणाऱ्याला दहा डॉलर.

आता प्रश्न विचारा. जाहिरात कोणी दिली? घराच्या कारभाऱ्याने. वॉशिंग्टन यांच्याकडे गुलाम होते हे लपवायची कोणाला गरज वाटली नाही, पत्ता उघड छापला आहे. कपड्यांचा उल्लेख का? ती मार्था वॉशिंग्टन यांची खासगी दासी होती, कपडे बदलून ओळख लपवील ही धास्ती. सगळ्यात बोलका भाग म्हणजे ती जाईल असा संशय नव्हता आणि तिला तसं काही कारणही दिलं नव्हतं, ही जाहिरातीतली कबुली. तिची बाजू पुढे १८४० च्या दशकात, ती म्हातारी झाल्यावर, गुलामगिरीविरोधी पत्रांत छापून आली: मार्थाबाईंच्या नातीला आपल्याला देऊन टाकणार असं कळलं, म्हणून घरचे जेवायला बसले असताना ती निघाली. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार परराज्यातल्या मालकाचा गुलाम सहा महिने तिथे राहिला तर मोकळा होऊ शकत असे. वॉशिंग्टन ती मुदत भरण्याआधी आपल्या माणसांना राज्याबाहेर नेऊन आणत. ओना न्यू हॅम्पशायरला पोचली, १८४८ मध्ये वारली, आणि कायद्याच्या नजरेत शेवटपर्यंत फरार होती.

एवढ्याशा जाहिरातीत जमीन सोडून बाकी सगळं आहे: कायदा, घर, पैसा, बंदर, आणि एका बाईचा निर्धार.

असे कागद फुकट मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ वॉशिंग्टन, जेफरसन, अ‍ॅडम्स, हॅमिल्टन, मॅडिसन, फ्रँकलिन यांची पत्रं टीपांसह देतं. कायदे आणि तह येल विद्यापीठाच्या ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’वर आहेत, चित्रं आणि नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे. सुरुवात अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने नवऱ्याला, जॉनला, ३१ मार्च १७७६ ला लिहिलेल्या पत्राने करा, नव्या कायद्यांत बायकांचा विचार करा असं ती बजावते. जॉनचं उत्तरही लगेच वाचा. जुन्या छपाईत ‘एस’ हे अक्षर बऱ्याचदा ‘एफ’सारखं दिसतं, दोन पानांत डोळे सरावतात.

तिकडे राहत असाल तर

व्हर्जिनियात जेम्सटाउनच्या नावाने दोन ठिकाणं आहेत. ‘हिस्टॉरिक जेम्सटाउन’ ही मूळ जागा. १९९४ पासूनच्या उत्खननात तिथे नदीने गिळला असं समजला जाणारा किल्ला सापडला. ‘जेम्सटाउन सेटलमेंट’ हे नव्याने उभारलेलं संग्रहालय आहे, मुलांबरोबर असाल तर आधी ते. फिलाडेल्फियात लिबर्टी बेलच्या इमारतीबाहेरच वॉशिंग्टन राहत त्या घराची जागा आहे. घंटेसाठी रांग लावणारे बरेच जण तिच्यावरून न बघता पुढे जातात. ओना जज तिथूनच निघाली होती.

आठवी पायरी: तरुण प्रजासत्ताक, आणि कुठे थांबायचं

१७८९ नंतर पुन्हा कर्जापासून सुरू करा. अर्थखातं सांभाळणाऱ्या हॅमिल्टनला राज्यांची कर्जं केंद्राने घ्यायला हवी होती, व्हर्जिनियाचा विरोध होता. १७९० मध्ये तडजोड झाली: कर्जं केंद्राने घ्यायची आणि त्या बदल्यात राजधानी पुढे दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन आणि एरन बर यांना इलेक्टरांची प्रत्येकी ७३ मतं पडली आणि प्रतिनिधिगृहाला ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. तरीही सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे रक्त न सांडता गेली, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना (मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट प्रदेश) दीड कोटी डॉलरला विकत घेतल्यावर देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं. नेपोलियनने ते विकलं त्यामागे हैतीतल्या गुलामांनी त्याच्या फौजेचा केलेला पराभव होता, म्हणून हैती वगळून हा भाग वाचू नका.

१८१२ च्या युद्धाचा एक धागा मुंबईत येतो. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांचा देश ब्रिटनशी लढत होता आणि कंपनी सरकारला त्यांना परत धाडायचं होतं. ते टिकले. पुढे अहमदनगरला याच मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. फुल्यांनी अमेरिकन स्वातंत्र्याची बाजू मांडणारा लेखक थॉमस पेन वाचला होता, आणि १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

पहिली फेरी १८२० च्या मिसुरी तडजोडीवर थांबवा. नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ काढा, तिच्या वर लुईझियानातून मिळालेल्या जमिनीत मिसुरी सोडून गुलामी नाही, खाली चालेल. मग जेफरसनचं याच प्रश्नावरचं २२ एप्रिल १८२० चं पत्र काढा आणि पहिल्या पायरीचा नकाशा शेजारी ठेवून वाचा. दुसरी फेरी तिथून सुरू होते: कापूस, चेरोकींची हकालपट्टी आणि अँड्र्यू जॅक्सन.